मिठागराच्या गावात आयोडीनची गोष्ट

आजची पोस्ट जरा लांब आहे, पण विषय घरातलाच आहे. मीठ. आणि त्यातही गरोदर बाईच्या ताटातलं मीठ.

आपल्या किनारपट्टीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. आशाताई मीठ तपासायला आली किंवा डॉक्टरांनी आयोडीनचं विचारलं, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "अहो, आम्ही दर्यावरची माणसं. आमचं मीठ समुद्राचं, आमची मासळी समुद्राची. आम्हाला कसली आलीय आयोडीनची कमतरता? ते डोंगरातल्या लोकांचं." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण वाक्य अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्ध चुकीचं का, हे समजायला इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

आधी आपल्या मिठाचा इतिहास.

कोकणात मीठ पिकवणं हा शेतीइतकाच जुना धंदा. पालघर-वसईपासून उरण-पेणपर्यंत आणि खाली शिरोड्यापर्यंत खाडीकाठी मिठागरं होती, काही ठिकाणी अजून आहेत. आगरात राबणारे ते आगरी, असं त्या समाजाचं नावच मिठाशी बांधलेलं. उधाणाचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, आणि शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की ओढून रास करायची. दिवाळीनंतर सुरू होणारं काम पहिल्या पावसापर्यंत चालायचं. हेच मीठ वंजारी-लमाणांच्या बैलांवरून घाट चढून देशावर जायचं आणि परत येताना धान्य यायचं. कोकणात पैसा कमी होता, पण मीठ आपलं होतं.

म्हणून इंग्रजांनी मिठावर हात टाकला तेव्हा तो इथे जास्त झोंबला. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. पुढे तो वाढतच गेला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर तर काही वर्षं गोव्यातल्या मिठाचा कारभारही इंग्रजांच्या ताब्यात गेला. आपल्या दारातल्या खाडीचं पाणी आटवून मूठभर मीठ काढलं तरी गुन्हा, अशी अवस्था होती.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्यानंतरच्या महिन्यात, मे १९३० मध्ये, आपल्या शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर लोक चालून गेले, लाठ्या खाल्ल्या. बायका पदरात मीठ बांधून घरी आल्या. अखेर १९४७ साली मिठावरचा कर गेला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की मीठ ही आपल्यासाठी नुसती चवीची वस्तू राहिली नाही. खाल्ल्या मिठाला जागणं ही आपली भाषा, आणि मिठासाठी मार खाणं हा आपला इतिहास. त्यामुळे 'तुमच्या मिठात काहीतरी कमी आहे' असं कोणी म्हटलं की मनाला लागतं. ते साहजिक आहे. पण कमी आहे, हेही खरंच आहे.

आता दुसरा इतिहास, आयोडीनचा.

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा नावाचा माणूस समुद्री शेवाळाच्या राखेतून सोरा बनवण्याच्या कामात होता. त्या राखेत त्याला एक नवा पदार्थ सापडला. तापवला की जांभळी वाफ निघायची. तेच आयोडीन. म्हणजे आयोडीन सापडलं ते समुद्रातच, पण मिठात नाही, शेवाळात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८२० च्या सुमारास जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन देऊन पाहिलं. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला वाढणारी गाठ, आपल्या सुश्रुतानेही वर्णन केलेली. शतक संपता संपता, १८९५ च्या आसपास, बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन सापडलं. कोडं उलगडत गेलं. ही ग्रंथी शरीरासाठी जो रस बनवते त्याला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ग्रंथी जास्त राबते आणि फुगते. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली, १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळात रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने गिलगिटच्या खोऱ्यात गलगंडाचा अभ्यास केला. त्याला वाटलं हा दूषित पाण्यातून होणारा आजार आहे. काम मेहनतीचं होतं, पण मुख्य कारण हुकलं. आणि अभ्यास हिमालयातच होत राहिल्यामुळे 'गलगंड म्हणजे पहाडी रोग' ही समजूत पक्की झाली.

स्वतंत्र भारतात ही गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध केली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात त्यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला नेहमीचं. पाच-सहा वर्षांनी पाहिलं तर आयोडीनवाल्या दोन्ही भागांत मुलांमधला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला होता. तिसऱ्या भागात होता तसाच. त्याच जोरावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पण बघा, त्या कार्यक्रमातही सुरुवातीला मीठ गेलं ते हिमालयाच्या पट्ट्यात. किनाऱ्याला आयोडीन कशाला, असं सरकारलाही वाटत होतं. पुढे देशभर पाहण्या झाल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. तपासलेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत हा प्रश्न आढळला. एकही राज्य यातून सुटलं नाही. मैदानातले जिल्हे होते, किनाऱ्यावरचेही होते. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नावही बदललं आणि 'गलगंड' जाऊन 'आयोडीन न्यूनता विकार' आलं. कारण तोवर कळून चुकलं होतं की गळ्याची गाठ हा या प्रश्नाचा फक्त दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग आईच्या पोटात घडतो.

तिथे येण्याआधी तो जुना प्रश्न सोडवू. समुद्राच्या मिठात आयोडीन का नाही?

साधा हिशोब करू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात क्षार असतात साधारण ३५ ग्रॅम. आयोडीन असतं पन्नास-साठ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. समजा ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं, तरी ग्रॅमभर मिठात दोन मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. म्हणजे तिला रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ खावं लागेल! आणि प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही. मिठाचा दाणा धरताना आयोडीन बरंचसं खाली उरलेल्या कडू पाण्यात राहतं, काही हवेत उडून जातं.

मग समुद्रातलं आयोडीन जातं कुठे? शेवाळात, माशांत, कोळंबी-कालवांत. हे जीव ते साठवतात. म्हणून मासळीपुरतं आपल्या आजीचं म्हणणं बरोबर आहे, मिठापुरतं नाही.

सैंधवाचंही तेच. उपासाला चालतं म्हणून आपण ते पवित्र मानतो आणि आता गुलाबी रंगाच्या पुड्या महाग विकल्या जातात. पण ते खाणीतलं जुनं समुद्राचंच मीठ. पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलं नसेल तर आयोडीनच्या बाबतीत ते रिकामंच धरा.

आता गरोदरपणाकडे येऊ.

पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण पहिल्या आठवड्यांपासून सुरू होते. त्यासाठी थायरॉइडचा रस लागतो. बाळाची स्वतःची ग्रंथी दहा-बारा आठवड्यांनी कामाला लागते आणि पुरेसं काम करायला पाचवा महिना उजाडतो. तोवर बाळ पूर्णपणे आईवर अवलंबून. त्याच वेळी आईची ग्रंथी जवळपास दीडपट राबत असते आणि लघवीवाटे आयोडीन जास्त बाहेर जात असतं. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५० लागतं, ते यासाठी.

कमतरता मोठी असेल तर गर्भपात, मृत जन्म, बाळ मतिमंद किंवा मुकंबहिरं होणं, इथपर्यंत जातं. थोडी असेल तर बाहेरून काही दिसत नाही. आईच्या गळ्याला गाठ नसते, बाळही धडधाकट दिसतं. बुद्धीची थोडी घट होते आणि ती कोणी मोजत नाही. शाळेत मूल मागे राहिलं की आपण मुलाला बोलतो, नाहीतर मास्तरांना. म्हणूनच हा प्रश्न फसवा आहे.

आता आपल्याकडचं वर्षाचं चक्र बघा. समजा एखाद्या सुनेला जूनमध्ये दिवस गेले. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद. ताजी मासळी जवळजवळ नाहीच. सुकट, सोडे, सुके बोंबील असतात, पण पहिल्या तीन महिन्यांत वासानेच मळमळतं, त्यामुळे ते ताटात येत नाहीत. बंदी उठते तोवर श्रावण. मग गणपती. कोळंबी, कुर्ल्या 'उष्ण' म्हणून घरची मोठी माणसं देत नाहीत. त्यात सोमवार, गुरुवार, संकष्टी. उपासाला सैंधव. आणि भाजीत घरचं जाडं मीठ. म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत बाळाला आईच्या आयोडीनची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यांत समुद्राकाठची ही बाई घाटावरच्या बाईइतकीच आयोडीनला पारखी. घर माळकरी असेल तर वर्षभरच.

शिवाय भाजी-भात जमिनीतून येतो. आपल्याकडचा धो धो पाऊस वर्षानुवर्षं मातीतलं आयोडीन धुऊन नेतो. त्यामुळे शेतातल्या अन्नाचा भरवसा धरता येत नाही. आणि मासळी आपल्या बंदरावर उतरते म्हणजे आपल्या ताटात येते असंही नाही. सुरमई, पापलेट बर्फात घालून बाहेर जातात. मजुरी करणाऱ्या घरात आठवड्याला दोनदा बांगडा आला तरी खूप.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. समुद्राची मासळी पोटात जाते, चांगलंच आहे. फक्त हे शहाणपण बाळंतपणानंतर सुचतं. गरज नऊ महिने आधीपासून असते.

आता कायद्याचा भाग, कारण त्यावरून आपल्याकडे वाद झालेत.

१९८० च्या दशकात केंद्राने ठरवलं की देशातलं सगळं खायचं मीठ आयोडीनयुक्त करायचं. खाजगी कारखान्यांना परवानगी मिळाली. १९९७ मध्ये आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. लगेच विरोध सुरू झाला. गांधीजींच्या मिठावर पुन्हा सरकारी बंधन, मोठ्या कंपन्यांचा फायदा, छोट्या मिठागरवाल्यांचं मरण, असे मुद्दे होते. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली. २००५ मध्ये पुन्हा आणली, ती मे २००६ पासून लागू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये न्यायालयाने तो जुना नियम रद्द ठरवला, पण सहा महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी आलेल्या अन्नसुरक्षा नियमांत तीच तरतूद आली आणि ती आजही आहे. ग्राहकाच्या हातात १० लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन, असं प्रमाण आहे. म्हणजे घरी आलेल्या ग्रॅमभर मिठात निदान १५ मायक्रोग्रॅम. समुद्राच्या साध्या मिठाशी तुलना करून बघा.

विरोधकांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. चार वाफ्यांच्या मिठागरवाल्याने आयोडीन फवारायचं यंत्र कुठून आणायचं, हा प्रश्न खरा होता. त्याला हात देण्यापेक्षा त्याचं मीठ बेकायदा ठरवणं सोपं होतं, आणि तेच झालं. मिठागरं बुडण्याची कारणं बरीच आहेत, बंदरं आली, भराव झाले, जमिनीचे भाव वाढले, त्यात हेही एक. पण त्या रागाची किंमत पोटातल्या बाळाने का द्यावी? मिठागरवाल्याला यंत्र द्या म्हणून भांडूया, जरूर भांडूया. आयोडीन नको म्हणून भांडण्यात आपलंच नुकसान आहे.

२०१८-१९ च्या देशव्यापी आयोडीन पाहणीत सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ सापडलं. सगळ्यात खालचा नंबर तमिळनाडूचा, सुमारे ६२ टक्के. आणि तमिळनाडू हे देशातलं मोठं मीठ पिकवणारं राज्य. जिथे मीठ पिकतं तिथेच लोक आगरातलं कच्चं मीठ स्वस्तात आणतात, हे त्यामागचं एक उघड कारण. मिठागराच्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कायद्यातही एक फट आहे. मासे खारवायला, जनावरांना, कारखान्याला साधं मीठ विकता येतं. ते गैर नाही. पण आपल्याकडे मासे खारवायची गोण आणि स्वयंपाकघरातली बरणी यांच्यात अंतर किती? एक वाटीभर!

मग करायचं काय? थोडक्यात सांगतो.

एक. गोणीतलं साधं मीठ मासे, लोणची, मिरच्या खारवायला खुशाल वापरा. रोजच्या आमटी-भाजीत पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं मीठच घाला. जाडं मीठच आवडत असेल तर आयोडीनयुक्त जाडं मीठही मिळतं. फक्त ते धुऊन घेऊ नका. आयोडीन दाण्याच्या वरच्या अंगाला असतं, पाण्याबरोबर निघून जातं.

दोन. मीठ चुलीजवळ, उघड्या वाडग्यात ठेवू नका. पावसात मिठाला पाणी सुटतं आणि आयोडीनही कमी होतं. झाकणाची बरणी, कोरडा चमचा. आणि मीठ शेवटी घातलं तर आणखी बरं.

तीन. आयोडीनसाठी मीठ जास्त खायचं नाही. रक्तदाबाचा धोका गरोदरपणात मोठा असतो. मीठ तेवढंच, किंवा कमी, पण योग्य. उरलेलं आयोडीन मासळी, दूध, दही, अंड्यातून येऊ द्या. पायावर सूज म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर आयोडीनचं काय, हे त्यांनाच विचारा.

चार. दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदवा आणि थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारा. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका. जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते.

पाच. आशाताई मीठ तपासायला आली की तिला वाटी द्या. ती मिठावर थेंब टाकते, आयोडीन असेल तर मीठ जांभळट-निळं होतं. नाही झालं तर लाजायचं काही नाही, मीठ बदलायचं.

आणि घरातल्या आजींना, काकूंना, सासूबाईंना विनंती. तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. समुद्राने आपल्याला आयोडीन दिलंच आहे, फक्त ते मिठात ठेवलं नाही, मासळीत ठेवलं. सुनेला दिवस गेलेत, तर सणवार बघून, तिला झेपेल तसं, तिच्या ताटात बांगडा-मांदेली येऊ द्या. घर शाकाहारी असेल तर दूध-दही वाढवा आणि बरणीतलं मीठ कोणतं आहे ते आज एकदा बघा.

आपल्या माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या आपल्या पोरांना चांगले दिवस यावेत म्हणूनच ना. तर त्या मिठात आता पोरांसाठी लागतं तेवढं असू द्या.

तुमच्या घरात, शेजारी कोणी गरोदर असेल तर तिच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुमच्या गावात कोणतं मीठ चालतं, जाडं की पुडीचं, ते खाली जरूर लिहा.